येतो म्हणा

राजय्यामामांच्या कॉफीच्या दुकानात शिरणं सोपं होतं. बाहेर पडणं अवघड होतं.

कॉफी पिऊन झाली, तुम्ही उठलात आणि सवयीनं म्हणालात, "बरंय मामा, जातो," की संपलं. मामा हातातलं भांडं खाली ठेवत आणि बाकाकडं बोट दाखवून म्हणत, "बसा."

"अहो, झाली की कॉफी."

"झाला न्हवं? मग आता बसा. खाली बसा."

नवा माणूस गोंधळून बसे. मामा पाण्याचा तांब्या पुढं करत. एक घोट पाणी प्यायचं, पुन्हा उठायचं आणि 'येतो' म्हणायचं. मग वाट मोकळी. तसं मी सांगोल्याकडचा, आमच्याकडंही घरातून निघताना 'येतो'च म्हणतात. पण चुकून 'जातो' म्हटलं म्हणून कुणी धरून परत बसवत नाही.

एकदा एक गृहस्थ पुण्याच्या गाडीला निघाले होते. हातात बॅग, गाडीला वीस मिनिटं. 'जातो' म्हणाले आणि फसले. मामांनी बसवलं, पाणी पाजलं. ते घाईघाईनं उठून म्हणाले, "निघतो." आता 'निघतो' चालतं का, हा प्रश्न दुकानात त्याआधी कधी उभा राहिला नव्हता. बाकांवर दोन तट पडले. मी मराठीचा शिक्षक, म्हणून माझं मत विचारण्यात आलं. मी क्रियापदांचे प्रकार सांगायला सुरुवात केली. शेवटी मामांनीच निकाल दिला, "निघतो म्हंजे अर्धं जातोच की. बसा." गाडी चुकली. अर्ध्या तासानं ते गृहस्थ लालबुंद तोंडानं बॅग घेऊन परत दुकानात आले, तेव्हा मामा खूश होऊन म्हणाले, "बघा! आलात की न्हाय?"

दुसरा एक कुरियरवाला होता. पाकीट देऊन, कॉफी पिऊन तो म्हणाला, "थँक्यू मामा, बाय!"

"बाय? कुठला बाय? हितं बाय एकच हाय, ते आत हाय," मामा म्हणाले आणि त्यालाही बसवलं.

आत एक बाई होत्या, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माहीत असणं आणि ध्यानात असणं यात किती अंतर असतं, ते मला फार उशिरा कळलं. ते पुढं येईलच.

दुकान सोलापूरच्या पूर्व भागात, एका गल्लीच्या तोंडाशी होतं. तीन बाकं, एक कपाट, मागं निळ्या सुती कापडाचा पडदा, आणि पडद्यामागं त्यांचं घर. गल्लीत तेव्हा यंत्रमाग जोरात चालत. त्यांच्या खटखटाटात कुणी हळू बोलत नसे, आणि त्यामुळं कुणाचं गुपितही राहत नसे. मामांचे वडील मागावर होते, आजोबा मागावर होते. मामा मात्र लग्नानंतर माग सोडून कॉफीकडं आले. का, असं विचारलं की म्हणत, "बायकोच्या संगट पितळेचा फिल्टर आला. फिल्टर आल्यावर मानूस काय करनार?" मामींचं माहेर बेंगळूरचं होतं.

चहा मिळत नसे. कपाटावर खडूनं लिहिलं होतं, 'चहा विचारू नये.' तरी कुणी विचारलंच तर मामा दुखावल्यासारखे बघत आणि समोरच्या चहाच्या गाड्याकडं बोट करत. कॉफीवर फुंकर मारलेली त्यांना चालत नसे. "चूल हाय का ते फुंकाय? थांबा की जरा." आणि कॉफी त्यांच्या तोंडी कायम पुल्लिंगी. कॉफी आला, कॉफी सांडला, कॉफी आज झकास उतरला. मी सुरुवातीला नव्या शिक्षकाच्या उत्साहानं सुधारायचो, "मामा, कॉफी आली."

"आत हाय तवर ती," मामा म्हणाले. "भाईर आला की तो."

बाकांवर हशा पिकला. मीही हसलो. पुढं शाळेच्या खोलीत हे लिंगविचाराचं उदाहरण म्हणून मी पोरांना सांगायचो.

माझी शाळा सकाळची. साडेसहाला मी दुकानात असायचो, सातला शाळेत. बावीस वर्षं हा नेम चालला. पडद्यातून मामा ग्लास घेऊन येत, ते गाभाऱ्यातून तीर्थ घेऊन आल्यासारखे. वरून दुधाची धार सोडत. त्या कॉफीची चव मला अजून नीट सांगता येत नाही. कडवटपणा जिभेला लागायचा आणि गोडवा घशात उतरल्यावर समजायचा. कुणी वाहवा केली की मामा मान हलवत, "मी नुसता ओततो."

हे त्यांचं पेटंट वाक्य. मामा, हात काय आहे तुमचा! मी नुसता ओततो. मामा, अशी कॉफी अख्ख्या जिल्ह्यात नाही! मी नुसता ओततो. आम्हाला तो त्यांचा विनय वाटायचा. एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात मी भाषणात हे वाक्य घेतलं आणि म्हणालो की कर्तेपणा स्वतःकडं न घेणारा असा माणूस आमच्या गल्लीत आहे. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी मी ते मामांना सांगितलं. ते पडद्याकडं बघून तेलुगूत काहीतरी बोलले. आतून बांगड्या वाजल्या आणि कुणीतरी हसलं.

मामींचा आवाज असा मी तेवढाच ऐकला. चेहराही कधी नीट पाहिला नाही. पडद्याच्या कडेतून रिकामे ग्लास घ्यायला एक हात बाहेर यायचा, हिरव्या बांगड्यांचा. तो हात मात्र मी कुठंही ओळखला असता.

'येतो'च्या हट्टाचं कारण मी एकदा विचारलं होतं. मामा बोटं मोजायला लागले. "आमच्यात म्हंत्यात, पोयोस्ता. जाऊन येतो. अक्कलकोटकडचे कानडी लोक म्हंत्यात, होगि बर्तिनि. जाऊन येतो. आमचा टेलर म्हंतो, जाको आतूं. तुमी म्हंता, येतो. चार भाषा, सर, आनि चारीतबी मानूस नुसता जात न्हाय. मग हितंच का म्हनून जातो?" मग त्यांनी विचारलं, "येतो हा कुठला काळ हो?"

"वर्तमानकाळ," मी म्हणालो. "पण अर्थ भविष्याचा. खरं तर 'येईन' म्हणायला हवं."

"येईन नगं. येईनचा काय भरोसा? येतो म्हनला की मानूस वाटंत असतो."

मी हसून मान डोलावली आणि शाळेची वेळ झाली म्हणून 'येतो' म्हणून उठलो. तसे एकूण किती 'येतो' मी त्या उंबऱ्यावर ठेवले असतील! सगळे पाळले. एक सोडून.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मामी गेल्या. आजारी आहेत हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. चार दिवस दुकान बंद दिसलं, पाचव्या दिवशी शेजारच्या विडीवाल्या बायकांनी सांगितलं. मी शाळा सुटल्यावर तसाच गेलो. पहिल्यांदाच दुकानाच्या बाजूनं न जाता मागच्या दारानं आत शिरलो.

लहानशी खोली, तीत वीस-पंचवीस माणसं. मामा चटईवर भिंतीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली, नजर खाली. मी समोर बसलो. बोलण्यासारखं काही नव्हतं, कुणी बोलतही नव्हतं. माग बंद असल्यामुळं गल्लीत इतकी शांतता होती की पंख्याच्या पात्याचा आवाज येत होता. माणसं येत होती, पंधरा-वीस मिनिटं बसत होती, हात जोडून निमूट उठून जात होती.

निमूट, कारण रीतच तशी आहे. माणूस गेलेल्या घरातून उठताना 'येतो' म्हणत नाहीत. अशा कारणानं पुन्हा या घरी यायची वेळ येऊ नये, म्हणून. आपल्याकडं लहान पोरालाही हे कळतं. मराठीच्या शिक्षकाला तर कळायलाच हवं.

मी उठलो. मामांना हात जोडले. दाराशी गेलो. चप्पल पायात घातली. आणि बावीस वर्षांची सवय माझ्या तोंडून, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात बाहेर पडली.

"बरंय मामा, येतो!"

खोलीतली सगळी डोकी वर झाली. मामांची थोरली बहीण कोपऱ्यात बसली होती. ती कपाळावर हात मारून "इदेंटि!" म्हणाली. हे काय, असं. एक बाई पदरात तोंड लपवून हसली की रडली, ते समजलं नाही. मामांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेचा अर्थ लावायला मी थांबलो नाही. मोठ्या रस्त्यापर्यंत जवळजवळ पळत गेलो, तिथं कळलं की चप्पल एक माझी आहे आणि एक दुसऱ्याची.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही शिकवता काय पोरांना?"

आता पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण तेच सांगण्यासाठी हे लिहितोय. मी परत गेलो नाही. तेरावं झाल्यावर जाऊ, असं ठरवलं. तेरावं झालं. दुकान उघडू दे, मग जाऊ. दुकान उघडलं. जरा लोकांच्या विस्मरणात जाऊ दे. मग मी शाळेचा रस्ताच बदलला. गल्लीवरून गेलं तर सात मिनिटं लागत. मी मोठ्या रस्त्यानं वळसा घेऊन सतरा मिनिटांनी पोचू लागलो. स्कूटरला मोकळा रस्ता बरा, असं स्वतःला सांगायचो.

एकदा एका पालकांना भेटायला त्या बाजूला जावं लागलं. लांबून दिसलं, मामा दुकानाच्या पायरीवर उभे होते. हातात फडकं. गिऱ्हाईक एकही नव्हतं. मी तिथंच स्कूटर वळवली. त्यांनी मला पाहिलं असावं. पाहिलं नसावं, अशी मी बरेच दिवस आशा केली.

आमच्या शाळेतले शिंदेसर तिथं जायचे. ते एकदा म्हणाले, "राजय्याचा हात बिघडला राव. कॉफी म्हणजे नुसतं काळं पाणी. बायको गेल्यापासनं लक्ष उडालं त्याचं." मी म्हणालो, "असं का?" आणि खरं सांगायचं तर मला थोडं हायसं वाटलं. न जायला एक चांगलं कारण मिळालं होतं. हळूहळू सगळेच कमी झाले. 'येतो' म्हणून उठत आणि समोरच्या चहाच्या गाड्यावर उभे राहत. गेल्या वर्षी दुकान बंद झालं. तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

मागच्या महिन्यात शाळेत प्रवेशाच्या दिवशी माझ्या टेबलासमोर एक बाई येऊन बसली. मुलाचा फॉर्म भरून झाल्यावर म्हणाली, "सर, ओळखलं नाही? मी पद्मा. राजय्यांची."

माझी विद्यार्थिनी. निबंधात नेहमी काना-मात्रा विसरायची. मी मामांची चौकशी केली, तोंडदेखलीच.

"बरे आहेत," ती म्हणाली. "माझ्याकडं चला म्हणते, तर येत नाहीत. म्हणतात, सर येतो म्हणून गेलेत, घर बंद दिसलं तर काय म्हणतील?"

ती हे हसत सांगत होती. बापाची एक गंमत म्हणून.

त्याच दुपारी मी गेलो. मागचं दार उघडंच होतं. मामा खाटेवर बसले होते. वाळलेले, पण दाढी नीट केलेली. मला पाहून ते उठले नाहीत, दचकले नाहीत, दोन वर्षांचा उल्लेखही केला नाही. म्हणाले, "बसा. कॉफी ठेवतो."

निळा पडदा आता स्वयंपाकाच्या ओट्यापुढं लावला होता. ते पडद्यामागं गेले. मी इकडं खुर्चीत बसून भांड्यांचे आवाज ऐकत राहिलो. काहीतरी पडलं. स्टोव्ह विझला, परत पेटला. बराच वेळ गेला. मग ते ग्लास घेऊन बाहेर आले, तसेच, दोन्ही हातांत धरून. आणि पूर्वी कधीच न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला, "कसा झाला?"

मी घोट घेतला. जळका, पाणचट, वर नुसती साखर. बावीस वर्षं पाठ असलेली चव त्यात शोधत मी दुसरा घोट घेतला. खोटं बोलायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "कडू आहे, मामा."

मामा हसले. मांडीवर थाप मारून हसले. "पद्मी म्हंती छान हाय. शिंदेसर म्हनले छान हाय आनि परत आलेच न्हाईत. तुमी खरं बोलला!" मग समोर बसून म्हणाले, "बावीस वरीस सांगितलो तुमास्नी. मी नुसता ओततो, मी नुसता ओततो. कुनी ऐकलाच न्हाई. बिया भाजायची ती. दळायची ती. फिल्टरला पानी ती घालायची. पयल्या दिशीच मला म्हनली, तुमी नुसतं वता आनि बोला, बाकीचं मी बगते. मला तर अजून धा वेळा करूनबी जमत न्हाई." त्यांनी कपाटाकडं पाहिलं. पितळी फिल्टर तिथं घासूनपुसून ठेवला होता. "मला वाटलं, सर हुशार. त्येनी वळकलं. कॉफी तिच्यासंगट गेला, आता हितं काय राह्यलं? म्हनून येत न्हाईत."

"नाही हो मामा!" मी जवळजवळ ओरडलोच. आणि मग सगळं सांगितलं. त्या दिवशीची चूक, ती शरम, वळसा घालून शाळेला जाणं, पायरीवर ते उभे असताना वळवलेली स्कूटर. सगळं.

ते ऐकत राहिले.

"त्या दिशी लई मानसं आली, सर," मग म्हणाले. "सगळी आली, बसली, गप उठून गेली. रीत हाय, बरोबर हाय. पन घर असं गप झालं की मला वाटलं, आता हितं कुनीच येनार न्हाई. तवर तुमी वरडला, येतो." त्यांच्या तोंडावर जुनं हसू आलं. "दुसऱ्या दिशी साडेसहाला मी दूध तापवाय घेतलो. अक्का भांडली, सुतकात काय चाललंय म्हनली. मी म्हनलो, सर येतो म्हनून गेलेत."

मी ग्लास खाली ठेवला. त्यात दोन घोट शिल्लक होते. मामांनी तो उचलला, आत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "तुमचा ग्लास असा आत गेला की ती म्हनायची, आज मास्तरांचं घरी भांडन झालंय. साखर तळाला राह्यली की, आज वर्गात परीक्षा दिसती. पुरा रिकामा गेला की खूश असायची. दुसऱ्या दिशी तुमास्नी जरा दाट द्यायची."

बावीस वर्षं ज्या बाईचा चेहरा मी पाहिला नाही, ती रोज माझा ग्लास वाचत होती. मी तिच्याबद्दल भाषण केलं ते मामांच्या नावानं. तिच्या घरी गेलो ते ती गेल्यावर. आणि तिथूनही पळालो.

मी मामांच्या हातून ग्लास घेतला आणि उरलेले दोन घोट पिऊन टाकले. आज ते वाचायला पडद्याआड कुणी नव्हतं, तरीही.

उन्हं कलली होती. मी उठलो, दाराशी गेलो. या खेपेला चप्पल नीट बघून घातली. मग मागं वळून म्हणालो, "येतो, मामा."

ते खाटेवरून माझ्याकडं बघत होते.

"कधी?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत कुणालाही त्यांनी हा प्रश्न विचारलेला मी ऐकला नव्हता. 'येतो' म्हटलं की त्यांना पुरायचं.

"उद्या," मी म्हणालो. "उद्या सकाळी येईन, मामा. साडेसहाला."

"येईन?" मामांनी भुवया उंचावल्या. मान हलवली. मग हळूच बोट वर करून त्यांनी खुर्चीकडं दाखवलं.

"बसा," ते म्हणाले. "खाली बसा."

मी चप्पल काढली आणि परत आत येऊन बसलो. मामांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.